चौसष्ट इंजिनं आणि डावा घोटा

१३ जानेवारी, सोमवार

डावा घोटा. दोन ठिकाणी मोडलाय. गुडघ्यापर्यंत प्लास्टर. डॉक्टर म्हणाले सहा आठवडे, आणि पाय जमिनीला टेकवायचासुद्धा नाही. मी म्हटलं, चार आठवड्यांत उभा राहून दाखवतो. ते हसले. हाडाच्या डॉक्टरांना माणसाच्या इच्छाशक्तीबद्दल काही शिकवत नसावेत.

सकाळपासून जो तो विचारतोय, भाऊ, किती उंचावरून पडलात? उंची हा मुद्दाच नाही. बावीस वर्षं मंडपाचा धंदा केलेला माणूस पडतो तेव्हा का पडला ते बघायचं असतं. कामावरच्या चिमाने खुर्ची धरायला हवी होती. मी नको म्हणालो होतो, पण तरी धरायला हवी होती.

घर वर, मंडपाचं गोडाऊन खाली. मधे बाहेरून लोखंडी जिना, एका माणसापुरता. तिघांनी ढकलत वर आणलं. आता प्लास्टर निघेपर्यंत मी वरच. खिडकीतून हायवे दिसतो आणि गोडाऊनचं दार दिसतं. तेवढं पुरे.

मुख्य गोष्ट. २ मार्चला हर्षलाचं लग्न. माझ्या बहिणीची, भागूताईची मुलगी, कोंडाणे गावची. पण अकरावीपासून सहा वर्षं आमच्याकडे राहून शिकली. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे काय ते लिहायला नको. आता रसायनीला एका कंपनीच्या लॅबमध्ये आहे. नवरीला हाताला धरून मांडवात आणायची ती मामाने, ही आमच्याकडची रीत. प्लास्टर निघणार २४ फेब्रुवारीला. सहा दिवस हातात राहतात. सगळं बसतंय.

१५ जानेवारी, बुधवार

धंदा खिडकीतून सुरू केला. कॉर्डलेस माईक वर मागवला, स्पीकर गोडाऊनच्या दारात ठेवायला लावला. आज चौक गावच्या साखरपुड्याचा माल निघाला. मी माईकवरून सांगितलं, कनाती आधी भरा, खुर्च्या मागून. चिमाने वर बघून मान हलवली आणि खुर्च्या आधी भरल्या. छायाचं म्हणणं, तिकडे कनाती आधी लागतात, म्हणून त्या शेवटी भरायच्या. बायकोपुढे काय बोलणार, असं पुटपुटलो. माईक चालू होता, त्यामुळे तेही हायवेपर्यंत ऐकू गेलं.

१७ जानेवारी, शुक्रवार

माईक नेला. हळदीच्या ऑर्डरला पाहिजे म्हणे. मी म्हटलं, आपल्याकडे अजून चार आहेत. छाया म्हणाली, बिघडलेत. चारही एकदम कसे बिघडले ते तिला माहीत नाही.

माझ्याशिवाय आठ दिवस जाऊ देत. मग बघा कसे जिना चढून येतात विचारायला.

१९ जानेवारी, रविवार

हर्षला आली. स्वतःचा जुना लॅपटॉप घेऊन आली, त्यात एक गेम टाकून दिलाय. रॉकेट बनवायचं, उडवायचं, वर न्यायचं. टाक्या, इंजिनं, पंख, पॅराशूट, सगळे सुटे भाग एका बाजूला मांडलेले असतात. उचलायचे, जोडायचे. म्हणाली, मामा, तुला आवडेल बघ, तुझंच काम आहे हे. आणि मामीला जरा खालचं बघू दे.

तिने एक करून दाखवलं. एक टाकी, एक इंजिन, वर टोपी. एवढंसं. पोरगी लॅबमध्ये असते, बाटल्यांची सवय.

मला गेमचा नाद नाही. पण हा गेम नाही, हे बांधकाम आहे.

२० जानेवारी, सोमवार

रॉकेटला आपल्या गावाचंच नाव. कुंभिवली-१. लाँचपॅडवर फुटलं. उडायच्या आधी.

कुंभिवली-२. उडायच्या आधी.

कुंभिवली-३. उडालं, पण आडवं.

२१ जानेवारी, मंगळवार

कारण सापडलं. हलतंय. वरचा भाग डुलतो. ज्यांनी हा गेम केला त्यांनी आयुष्यात मांडव घातलेला नाही, हे उघड आहे. मांडवाचं एकच तत्त्व: हलतंय? टेकू लाव. अजून हलतंय? अजून टेकू लाव. गेममध्ये टेकवायला जोडदांड्या आहेत. मी छत्तीस लावल्या. आता हलत नाही. पण जड झालं, म्हणून इंजिनं वाढवली. इंजिनं वाढली म्हणून टाक्या वाढवल्या. टाक्या वाढल्यावर परत हलायला लागलं, म्हणून जोडदांड्या.

काम कसं पुढे जातंय ते दिसतंय. दुपारचं जेवण साडेचारला.

२५ जानेवारी, शनिवार

कुंभिवली-६. अठरा इंजिनं. गेलं! सरळ वर गेलं! ढगांच्या वर काळं आकाश, चांदण्या. मी छायाला हाक मारली. ती खालून म्हणाली, दोन पार्ट्या आल्यात बुकिंगला, थांबा. ती येईपर्यंत रॉकेट परत खाली येऊन समुद्रात पडलं होतं. म्हणाली, छान आहे समुद्र.

हर्षलाला फोटो पाठवला. तिचं उत्तर: मामा, एवढं मोठं कशाला? इंधन उचलायला इंधन लागतं, मग ते उचलायला अजून. लहान कर. आणि शेजारी हसरा चेहरा.

लहान कर! सरपंचाच्या लग्नात साठ फुटी गेट उभं केलं तेव्हा पण सगळे हेच म्हणत होते. (ते गेट वाऱ्याने पडलं. तो वाराच तसा होता.)

३० जानेवारी, गुरुवार. दुपारी १.

चंद्रावर उतरलो.

परत लिहितो. चंद्रावर उतरलो. कुंभिवली-७, सव्वीस इंजिनं. गेममध्ये अंतराळवीराला नाव द्यायचं असतं. मी गोमा दिलं. आपल्याकडे सर्वांत जुना माणूस, सांगेल ते करतो, उलट विचारत नाही. रॉकेट उतरताना आडवं पडलं, पण गोमा ठणठणीत. बाहेर येऊन उभा राहिला, हात हलवला.

३० जानेवारी. दुपारी ३.

इंधन संपलंय. परत यायचं इंधन मी धरलंच नव्हतं. मांडव घालायला जाताना परत यायचं डिझेल पार्टीकडून घ्यायचं असतं, ती सवय. तिथे पार्टी नाही.

काही हरकत नाही. आपल्या धंद्यात नियम आहे, शेवटचा बांबू आणि शेवटचा माणूस टेंपोत चढल्याशिवाय जागा सोडायची नाही. गोमाला आणणार.

१ फेब्रुवारी, शनिवार

खरा गोमा वर आला. पहिल्यांदाच जिना चढून आला, मला वाटलं धंद्याचं काही अडलं असेल. तर म्हणाला, भाऊ, मी चंद्रावं अडकलोय असं चिमा सगल्यांना सांगतोय, खरं हाय का? मी लॅपटॉप फिरवून दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, एकटाच हाय व्हय रं मी? मग म्हणाला, बायको म्हनतेय तिथून नाव काढा, असं बरं नाय.

मी त्याला शब्द दिला, लग्नाच्या आधी तुला खाली आणतो. तो जिना उतरून गेला, पण तोंड उतरलेलंच.

५ फेब्रुवारी, बुधवार

बचाव मोहीम. कुंभिवली-८ मध्ये चिमाला पाठवला. चंद्राच्या भोवती पोचला, पण उतरायला इंधन नाही. आता तो फिरतोय. निदान गोमाला वरून दिसत असेल.

खऱ्या चिमाला सांगितलं. तो म्हणाला, मला कशाला पाठवलंत भाऊ, मी तर खुर्ची पन धरली नव्हती. सगळे हसले. हा माणूस गावात सांगत सुटलाय की मी बावीस फुटांवरून नाही, प्लास्टिकच्या दोन खुर्च्या एकावर एक ठेवून त्यावरून पडलो. झालर शिडीशिवाय लावता येते हे मी त्यालाच दाखवत होतो. शिकणाऱ्याने शिकवणाऱ्याबद्दल असं बोलू नये.

९ फेब्रुवारी, रविवार

कुंभिवली-९. मांडवाच्या कामाला सहापेक्षा कमी माणसं पाठवून मी आयुष्यात काम घेतलेलं नाही. सहा माणसं पाठवली. चाळीस इंजिनं.

उतरलं. गोमापासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर उतरलं! गोमा चालत आला. पाऊण तास लागला. दारापाशी आल्यावर कळलं, सहाच खुर्च्या आहेत आणि सहाही भरलेल्या आहेत.

सहा जणांना तिथेच उतरवून गोमाला एकट्याला आणावं, असं क्षणभर मनात आलं. पण मग त्या सहांना आणायला परत सहा जण लागले असते. म्हणून तसेच परत फिरवले. घाईत दिशा चुकली. आता ते सूर्याभोवती आहेत. गेम म्हणतो, चारशे बारा दिवसांनी परत जवळून जातील.

छाया म्हणाली, औषधं घेतलीत का? नव्हती घेतली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

खाली काहीतरी बदललंय. कालपासून बांबू जातच नाहीत, सगळे पाईप. छायाने म्हणे बांबू कमी केले, पाईप लवकर उभे राहतात. मला विचारलं नाही. मी विचारलं, मला का विचारलं नाही? ती म्हणाली, दोनदा वर आले होते, तुमी लाँच करत होतात, हाताने थांब म्हणालात.

आज तीन ऑर्डरी एका दिवशी गेल्या. तिन्ही वेळेवर. आपण वर्षाला एखाद्या वेळी दोन करायचो आणि त्यात एक भांडण. नवशिक्याचं नशीब असतं. टिकत नाही.

हर्षलाच्या लग्नाच्या गेटचं चित्र काढून छायाला मोबाईलवर पाठवलं. चाळीस फुटी रॉकेट, दोन पाय फाकवून उभं, त्याच्या पायांमधून वऱ्हाड आत येणार. तिने अंगठा पाठवला. मंजूर.

१६ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ११.

कुंभिवली-११. आजवरचं सर्वांत मोठं. चौसष्ट इंजिनं. एक हजार एकशे चाळीस भाग. खुर्च्या पंधरा, त्यातल्या चौदा रिकाम्या. (शिकलो.) लॅपटॉप गिरणीसारखा आवाज करतोय. पडद्यावर एक सेकंद जायला इथे बारा सेकंद लागतात. हर्षलाला मेसेज टाकला: आज तुझा मामा काय करतो बघ. लाँच साडेअकराला.

१६ फेब्रुवारी. संध्याकाळी ६.

डाव्या हाताने लिहितोय असं वाटेल, पण आडवा पडून लिहितोय म्हणून अक्षर असं.

उडालं. चौसष्टच्या चौसष्ट पेटली. सगळी खोली पडद्याच्या उजेडात पिवळी झाली. एवढं थोरलं धूड, हळूहळू, एकेक वीत वर. मी आयुष्यात एवढं मोठं काही उभं केलेलं नाही आणि हे तर उडत होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मी उडी मारली.

दोन्ही पायांवर.

छाया धावत आली तेव्हा मी जमिनीवर होतो. मी ओरडलो, स्पेसबार दाब, स्पेसबार! खालच्या टाक्या संपल्या होत्या, त्या सोडायच्या होत्या, एक बटण दाबायचं होतं फक्त. तिने आधी मला उचललं. मी तिच्या खांद्यावरून पडद्यावर बघत होतो. कुंभिवली-११ थांबलं, वळलं आणि खाली आलं. एक बटण होतं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

तिघांनी धरून खाली नेलं. नवा एक्स-रे. नवं प्लास्टर. अजून चार आठवडे. १७ मार्च.

डॉक्टरांना सांगितलं, बाथरूममध्ये घसरलो. छाया शेजारी उभी होती. तिने एक्स-रेचं पाकीट काखेत घेतलं आणि रिक्षा थांबवली. कुंभिवलीच्या फाट्यावर फक्त एवढंच म्हणाली, पोरीला आता तुमीच सांगा.

अजून सांगितलं नाही. शब्द जुळवतोय.

१९ फेब्रुवारी, बुधवार

हर्षलाचाच फोन आला, तिला कळलं होतं. मी म्हणालो, काही काळजी करू नकोस, २ मार्चला मी आहे. कसा, ते विचारू नकोस. ती म्हणाली, मामा, तू फक्त ये, बाकी मला काही नको. मी म्हणालो, चंद्रावरून माणसं आणतोय, कोंडाण्याला यायला काय.

ती म्हणाली, पण अजून आणला नाहीयेस ना कोणाला? मुद्दा वेगळा होता, पण बरोबर होता.

२३ फेब्रुवारी, रविवार

हर्षलाचं केळवण. छायाने कोंबडी-वडे केले, पाटाभोवती रांगोळी. ओटी भरली. पोरगी रडली, छाया रडली. मी प्लास्टरकडे बघत बसलो.

जेवण झाल्यावर हर्षला माझ्या शेजारी पलंगावर येऊन बसली. म्हणाली, दाखव तुझा गोमा. मी कुंभिवली-१२ उघडून दाखवलं, आराखडा तयार होता, शहाण्णव इंजिनं. ती एकेक भाग काढायला लागली. मामा, हे कशाला? हे कशाला? ही टाकी कोणासाठी? मी सांगत होतो आणि ती काढत होती. शेवटी उरलं काय? दोन टाक्या, दोन इंजिनं, एक रिकामी खुर्ची. टेकू एकही नाही. गॅलरीतल्या तुळशीएवढं.

म्हणाली, उडवू?

पंचवीस मिनिटं. तेवढ्यात ती चंद्रावर गेली, गोमाच्या बाजूला उतरली, गोमाला घेतलं, आणि पॅराशूटने समुद्रात. मधे तिने सुपारीही खाल्ली.

खालून खऱ्या गोमाला बोलावलं. तो आला, पडद्यावर स्वतःला समुद्रात तरंगताना बघितलं आणि हात जोडले. हर्षलाला म्हणाला, पोरी, तू आनलंस गं मला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चिमा म्हणाला, आता मला. त्यालाही आणलं. एकोणीस मिनिटं.

मी पण वाजवल्या. दोन.

ती गेल्यावर बराच वेळ लॅपटॉप उघडा होता. चोवीस दिवस मी त्या माणसाच्या मागे होतो. मला विचारून केलं असतं तर बरं झालं असतं. विचारलं होतं म्हणा. पण ते काय विचारणं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

खिडकीतून पाहिलं. अंगणात चिमा आणि मंडळी प्लास्टिकच्या खुर्चीला दोन बांबू बांधत होती. आडवे, दोन्ही बाजूंनी. मग गोमाला त्यात बसवलं आणि चौघांनी उचलून जिना चढवला, उतरवला, परत चढवला. मला न्यायची तालीम. गोमा वर बसून हसत होता.

दोन बांबू, चार माणसं, मधे मी. लग्नाला चाललोय की कुठे? सगळं कोंडाणं बघणार. तालुक्यातला मंडपवाला आणि त्याला मंडपाच्याच बांबूवरून उचलून आणला. आणि मांडवाच्या दारात चौघं थांबणार, मग मी बसूनच हात पुढे करणार, आणि नवरदेव ऋतिकच्या घरचं वऱ्हाड मोबाईल काढून उभं. नवऱ्याकडची माणसं रसायनीची, सगळं इंटरनेटवर टाकतात.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार. संध्याकाळी ७.

छायाने विचारलं. उद्या सकाळी निघायचं, हळद उद्या आहे, तुमी येताय ना? चिमा दारात उभा, हातात खुर्चीची दोरी.

मी म्हणालो, नाही. तुम्ही जा. माझं काय.

छायाने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, नक्की? मी म्हणालो, नक्की. ती म्हणाली, बरं. आणि बॅग भरायला गेली.

हे पहिलं विचारणं. आमच्याकडे मामाला तीनदा विचारतात. भागूताईच्या लग्नात आमचा मालोजीमामा वरणात मीठ नाही म्हणून रुसून बाहेर जाऊन बसला होता. एकदा वडील गेले, एकदा आजोबा गेले, तिसऱ्या वेळी नारळ आणि टॉवेल घेऊन अख्खी भावकी गेली. मग उठला. पहिल्या बोलावण्याला उठणारा मामा मी तरी पाहिलेला नाही. त्याची किंमत काय राहील?

"नक्की" हे दुसरं धरायचं का, याचा विचार करतोय. नाही धरत. त्याच जागी उभं राहून विचारलं होतं.

१ मार्च, शनिवार. सकाळी ९.

गेले. तीन टेंपो, एक कार. छायाने जाताना औषधं उशाशी ठेवली, शेजारच्या सोनाबाईला जेवणाचं सांगितलं. दारात थांबली जरा. मी खिडकीकडे बघत होतो. चप्पल घालून गेली.

म्हणजे दुसरं विचारणं फोनवर.

१ मार्च. संध्याकाळी ५.४०.

हर्षलाचा फोन! मागे हळदीची गाणी वाजत असणार. पहिल्या रिंगला उचलायचा नाही. दुसऱ्यांदा करेल तेव्हा उचलेन.

१ मार्च. संध्याकाळी ७.

मेसेज आला: मामा, झोपलास का? आराम कर. पायाला जप. हळदीचा फोटो आहे. पिवळी धमक झालीय. एवढीशी होती तेव्हा सुट्टीत येऊन माझ्या टेंपोत पुढे बसून हॉर्न वाजवायची.

सोनाबाई भाकरी घेऊन आली. म्हणाली, गेला नाय व्हय रं तू? भाचीचं लगीन आन मामा घरात? मी म्हटलं, उद्या न्यायला येणार आहेत. ती म्हणाली, मंग मला पन न्या, तुझ्यापायी र्‍हायली मी.

२ मार्च, रविवार. सकाळी ८.

टेंपो आला! गोमा आणि तिघं जण. खाली उभे आहेत. आणि खुर्ची आहे. माझी खुर्ची, बांबूसकट.

हे दुसरं. मला माहीत होतं.

तयार होतो. मुहूर्त बारा पस्तीसचा. तास-सव्वा तासाचा रस्ता.

२ मार्च. सकाळी ८.३०.

कपाटात लग्नासाठी शिवलेली पँट होती. प्लास्टरवरून कशी चढवायची याचीच काळजी होती. काढून बघतो तर डाव्या पायाची शिवण गुडघ्याच्या वरपर्यंत उसवलेली, आणि दोन्ही बाजूंना टिचबटणं लावलेली. बारा. हाताने लावलेली. आत्ता सहज चढली आणि बारा बटणं लागली, पाय दिसतसुद्धा नाही.

छायाने केव्हा केलं हे? तीन ऑर्डरी, घर, लग्न. मला काही बोलली नाही.

फेटा बांधला. अत्तर लावलं. खुर्ची ओढत दारापाशी येऊन बसलोय. इथून जिन्याची पहिली पायरी दिसते.

२ मार्च. सकाळी ९.१५.

गोमा वर येत नाही. टेंपोच्या सावलीत बसलाय, तंबाखू मळतोय. अधूनमधून दाराशेजारच्या खिडकीकडे बघतो. मी लगेच मान मागे घेतो. मामा वाट बघतोय असं दिसायला नको.

येईल. नारळ आणायला कोणाला तरी पाठवलं असेल.

२ मार्च. सकाळी १०.

अजून खालीच. एकदा जिन्यावर आवाज आला, मी नीट बसलो, फेटा सरळ केला. सोनाबाई होती. लुगडं बदलून आली होती, नथ घालून. म्हणाली, चला ना रं, कवाचे बसलेत खाली. मी म्हटलं, त्यांना वर येऊन विचारू दे. ती म्हणाली, इचारायचं काय त्यात? मी तिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, येडा हायेस.

२ मार्च. सकाळी १०.४५.

टेंपो सुरू झाला. डिझेल टाकायला गेले असतील.

सोनाबाई पुढे बसली होती असं वाटलं. नीट दिसलं नाही.

२ मार्च. दुपारी १२.

डिझेलला सव्वा तास लागत नाही.

२ मार्च. दुपारी १२.३५.

लागलं असेल.

२ मार्च. दुपारी ३.

छायाचा फोन. सगळं छान झालं म्हणाली. जेवण पुरलं, मांडव उभा राहिला, कुणाचं काही वाकडं नाही. मी विचारलं, तिला मांडवात कोणी आणलं? ती म्हणाली, मीच. कोणी तरी आणायला हवं ना. पोरगी मांडवाच्या दारात थांबली होती, म्हणत होती पाच मिनिटं अजून थांबा, पाच मिनिटं. भटजी घाई करायला लागले. मग मी धरला हात.

मी म्हणालो, गोमा वर का नाही आला? ती म्हणाली, मी सांगितलं होतं त्याला. तुमी नक्की नाही म्हणालात, आता भरीला घालून त्रास नको. सकाळपासून खाली थांबा, वरून एक हाक आली की घेऊन या. गोमा सांगतोय, भाऊंनी हाक नाय दिली. पावणेअकरापर्यंत थांबला तो.

मी म्हणालो, पँट बसली.

ती म्हणाली, घातली होती?

हो म्हणालो. फोन ठेवला. मला खूप वाईट वाटलं. इतकं वाईट मला पडलो तेव्हासुद्धा वाटलं नव्हतं. एक हाक. खिडकी उघडीच होती.

टिचबटणं काढायला बसलो. वरची तीन निघाली. मग तसाच झोपलो.

३ मार्च, सोमवार. सकाळी ११.

मांडव उतरवायला छाया अजून कोंडाण्यालाच. ठरलं. उद्या रसायनीला ऋतिककडे सत्यनारायण आहे. बोलावणं येणारच, आणि या वेळी पहिल्यांदा विचारलं की लगेच हो. खुर्ची, बांबू, चार माणसं, कोणी कितीही फोटो काढू दे. पँट घडी करून उशाशी ठेवली आहे. फोन चार्ज केला. आवाज मोठा केला.

३ मार्च. दुपारी ४.

पहिल्या रिंगला उचलला. हर्षलाच होती. आवाजात नुसता आनंद. लग्नाचं सगळं सांगितलं, तू हवा होतास म्हणाली, दोनदा म्हणाली. मी हो म्हणायला तोंड उघडून बसलो होतो.

मग म्हणाली, मामा, उद्या पूजा आहे, पण तुला एवढ्या लांब त्रास नको, तुला नाही आवडत ते उचलून नेणं, मामीने सांगितलंय मला. चिमाबरोबर प्रसाद पाठवते. चालेल ना रे?

मी म्हणालो, चालेल.